मालकामागून सड्यावर : कोकणातील शरद ऋतू आणि घरची कुत्री-मांजरे

भाद्रपद सरत आला की देवगड आणि राजापूर तालुक्यांतले किनाऱ्यालगतचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची पठारे, रंग बदलू लागतात. पावसाने जांभ्यावर वाढवलेले गवत पिवळे पडते, खालच्या कुणग्यांत भात पिकू लागते आणि घरातली माणसे कोयत्या घेऊन सकाळीच बाहेर पडतात. त्यांच्यामागून, कोणीही न बोलावता, घरचा कुत्राही निघतो. इथल्या गावांत कुत्र्याच्या गळ्यात साखळी क्वचितच असते. तो पडवीत निजतो, माणसांबरोबर कापणीला जातो, दुपारी मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, सावलीत पडून राहतो आणि दिवेलागणीला परततो. त्यामुळे शरदात त्याच्या जिवाला असलेले धोके ओळखायचे असतील, तर आधी त्याच्या मालकाची या दोन महिन्यांतली कामे पाहावी लागतात.

पहिले काम गवत कापण्याचे. तिथे वाटेत लागतो तो गडगा, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून केलेले कुंपण, आणि त्याच्या फटींत व सड्यावरच्या सुट्या दगडांखाली फुरसे राहते. फूट-दीड फुटाचा, मातकट रंगाचा हा साप डिवचला गेला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखी खरखर करतो. माणूस त्या आवाजाने मागे सरतो, कुत्रा मात्र कुतूहलाने नाक पुढे करतो. म्हणून कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. फुरशाचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. दंशाच्या जागी सूज येते, जखमेतून रक्त थांबत नाही, पुढे हिरड्यांतून किंवा लघवीतूनही रक्त जाऊ लागते, आणि काही वेळा ही लक्षणे दिसायला कित्येक तास लागतात. भाताच्या शेतात उंदरांमागे येणाऱ्या घोणसाचे विषही मुख्यतः रक्तावरच परिणाम करते. नाग आणि मण्यार यांच्या विषाने अंग लुळे पडून श्वास बंद होतो.

दंश झाल्यावर वाडीत जो तो औषध सांगतो, आणि त्या सगळ्या औषधांत हमखास जातो तो वेळ. जखम चिरू नये, पाय दोरीने आवळू नये, चुना किंवा पाला लावू नये. गळ्यात पट्टा असेल तर तो आधी काढावा, कारण सूज तोंडावरून मानेकडे उतरते. जनावराला चालू न देता उचलून न्यावे. पशुवैद्य स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही तर विष रक्तात भिनल्याचे कळते. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. जनावर लहान म्हणून ही लस कमी लागते हा समज चुकीचा आहे, कारण सापाने सोडलेले विष जनावराचे वजन पाहून कमी होत नाही. लस प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा क्रमांकही आहे. याहून सोपा उपाय म्हणजे गवताची पहिली कापणी होईपर्यंत कुत्र्याला मांगरात बांधून ठेवणे. तो भुंकून शेत डोक्यावर घेईल, पण ते सोसावे. ऑक्टोबरच्या दमट उन्हात तापलेल्या कातळापासूनही तो त्यामुळे वाचतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि हवा दमट असली की ते त्याला नीट साधत नाही.

भात घरी आले की उंदीरही घराकडे येतात आणि त्यांच्यासाठी ठेवलेले औषध मांजरापर्यंत पोहोचते. रक्त न गोठू देणाऱ्या औषधाने मेलेला उंदीर खाल्ला तरी मांजराला बाधा होऊ शकते. म्हणून मेलेले उंदीर रोज शोधून पुरावेत. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे, जंतू उतरतात, त्यावर कुत्र्यांसाठी दरवर्षीची लस आहे.

पाऊस उघडल्यावर त्रास वाढतो तो गोचिडांचा, आणि त्यांच्याकडे सापाइतके कोणी लक्ष देत नाही, हे मला चुकीचे वाटते. कुत्र्यावरची मादी रक्त पिऊन टच्च झाली की अंगावरून उतरून चिऱ्याच्या भिंतीतल्या फटीत हजारो अंडी घालते. नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. पडवीच्या भेगा आणि त्याचे अंथरायचे पोतेही साफ करावे लागते. ताप, अन्नावरची वासना जाणे, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त ही गोचीडतापाची लक्षणे आहेत. वेळेवर उपचार झाले तर जनावर बरे होते. मात्र कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिन असलेले औषध मांजराला कधीही लावू नये, त्याने मांजर दगावते. गुरांवर फवारायचे औषधही त्याच्यावर मारू नये.

भाद्रपदातल्या कुत्र्यांची चेष्टा मराठीत पुरेशी झाली आहे. त्या दिवसांत नर वाड्या ओलांडून भटकतात, भांडतात, चावे घेतात आणि रात्री मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांखाली सापडतात. रेबीजची लस त्याआधी टोचलेली असावी. जागतिक रेबीज दिवस 28 सप्टेंबरला येतो, तो याच सुमारास.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली की नको असलेली मासळी वाळूत टाकली जाते. तीत फुगणारा केंड असतो. त्याच्या यकृतात आणि अंडाशयात असलेले विष शिजवूनही जात नाही, आणि त्यावर उतारा नाही. गळ अडकलेली डोकीही तिथेच पडलेली असतात.

मग दिवाळी येते. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंतचे आणि मांजराला त्याहूनही वरचे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली. वाडीत ती पाळली गेली तर जनावराला आत घेण्याची वेळ तरी ठरवता येते. अंधार पडण्यापूर्वी त्याला फिरवून, खायला घालून आतल्या खोलीत न्यावे, खिडक्या लावाव्यात आणि दडायला पलंगाखालची किंवा कणगीमागची जागा मोकळी ठेवावी. तो दडला तर ओढून बाहेर काढू नये. शेजारी बसून हळू बोलले तर त्याची भीती वाढते, ही समजूत निराधार आहे. फराळात बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला वर्ज्य. बेदाण्यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, तेव्हा लाडू मुलांच्या हातूनही त्याच्यापर्यंत जाऊ नयेत.

भाऊबीज झाली की चाकरमानी परततात आणि घर शांत होते. पण कार्तिकात तुळशीचे लग्न लागते, ऊस उभा राहतो, आणि पुन्हा खळ्यातच, कुत्र्याच्या निजायच्या जागेपासून चार हातांवर, फटाक्यांची माळ लावली जाते. त्याचा आतला कोपरा तोवर मोडू नये.