नक्कल आणि सरमिसळ

मंडळी, गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर हिरव्या ठिपक्यांची दाटी तुम्ही पाहिली असेल. तोच मावा, झाडाचा रस शोषणारा इवलासा कीटक. सजीवांची प्रजा कशी वाढते हे सांगताना मी हत्ती-सिंहांकडे जाणार नाही. या माव्यापासूनच सुरुवात करतो.

1740 च्या मे महिन्यात जिनिव्हाच्या शार्ल बॉने या 20 वर्षांच्या तरुणाने माव्याचं नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू डहाळीवर ठेवलं आणि वर काचेचं भांडं पालथं घातलं. मग तो पहाटेपासून रात्रीपर्यंत भिंग घेऊन नोंदी करत राहिला. पिल्लू मोठं झालं आणि नराची सावलीही न पडता त्याला पिल्लं होऊ लागली. जून संपेपर्यंत बॉनेने 95 पिल्लं मोजली! त्या मोसमात जन्मतात त्या सगळ्या माद्याच. शिवाय प्रत्येक लेक जन्मतानाच पोटात गर्भ घेऊन येते, म्हणजे आजीच्या पोटात आई आणि आईच्या पोटात नात.

हा नकलेचा मार्ग. पानफुटीचं पान मातीवर पडलं की कडेच्या खाचांतून रोपं उठतात, उसाचं कांडं डोळ्यातून फुटतं, हायड्रा या पाण्यातल्या इवल्या प्राण्याच्या अंगावर कळीसारखं पिल्लू येतं. जोडीदार शोधायला नको, वाट पाहायला नको. मग नर हवा कशाला? हा प्रश्न मला आजही पहिल्यांदा पडला तेव्हाइतकाच ताजा वाटतो.

उत्तराचा एक मोठा भाग केळीत सापडतो. बागेतल्या केळीत बी धरत नाही, मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, लावूनच ती वाढते. म्हणून एका वाणाची सगळी झाडं म्हणजे जवळपास एकाच झाडाच्या नकला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीच्या बाजारात ग्रो मिशेल वाणाचं राज्य होतं. मातीतल्या एका बुरशीने पनामा रोग पसरवला. एका झाडाला जमला नाही तो प्रतिकार दुसऱ्यालाही जमला नाही, आणि 1960 च्या दशकात कॅव्हेंडिश वाणाने त्याची जागा घेतली. तोही मुनव्यांवरच वाढतो, आणि त्याच बुरशीचा नवा प्रकार आता त्याच्या मुळाशी पोचला आहे.

सरमिसळीत, म्हणजे नर-मादी मिळून प्रजा होते तेव्हा, असं होत नाही. माणसात गुणसूत्रांच्या, म्हणजे आईवडिलांचे गुण वाहून आणणाऱ्या पेशीतल्या धाग्यांच्या, 23 जोड्या असतात. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र निवडलं जातं. नुसत्या या निवडीने एका व्यक्तीकडून 83,88,608 वेगवेगळी मिश्रणं होऊ शकतात. आपल्याकडच्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी हा आकडा जुळतो तो निव्वळ योगायोगाने, पण वर्गात सांगताना दर वेळी मला आनंद होतो. जोडीतली गुणसूत्रं आपसात तुकडेही बदलतात, त्यामुळे खरी संख्या याहून कितीतरी मोठी.

प्राणी जोडीदाराकडे चालत, पोहत, उडत जातो. झाडाने काय करावं? ते वारा, पाणी, मधमाशी, वटवाघूळ यांच्या हाती पराग सोपवतं. पण पराग पोचला म्हणजे काम झालं असं नाही. मक्याच्या कणसाचे केस आठवा. एकेक केस एकेका दाण्याचा. टोकावर पडलेला परागकण रुजतो, त्याची नळी केसाच्या आतून वाढत वाढत वीतभर अंतर साधारण दिवसभरात कापते. तिच्यातून दोन शुक्रपेशी खाली जातात. कणसात मधेच एखादा दाणा भरलेला नसतो, तेव्हा बहुधा तिथली नळी पोचलेलीच नसते.

शुक्रपेशी दोन का, ते 1898 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं. एकीचा संयोग बीजांडाशी होतो, त्याचा गर्भ होतो. दुसरी मधल्या केंद्रकांशी मिळते आणि तिथे गर्भाची शिदोरी तयार होते. नारळाचं पाणी आणि खोबरं, गव्हाच्या दाण्यातलं पीठ, ही सगळी ती शिदोरी. इथे मला फुलाचं फार कौतुक वाटतं. कोंबडी अंड्यात बलक आधीच भरते, अंडं फळणार नसलं तरी. फुलझाड मात्र फलन होईपर्यंत ही शिदोरी बांधायलाच घेत नाही.

आता पुन्हा माव्याकडे. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की उन्हाळाभर नुसत्या लेकी जन्माला घालणाऱ्या या वंशात नर येतात. आईच्या दोन लिंग-गुणसूत्रांपैकी एक गळतं आणि मुलगा होतो. त्याच सुमारास अंडी घालणाऱ्या वेगळ्या माद्याही जन्मतात. त्यांचं मीलन होतं आणि सालीच्या बेचक्यात काळी, चकचकीत अंडी चिकटतात. बर्फ पडतं, मावा मरतो, अंडी तग धरतात. वसंतात त्यांतून बाहेर येतात त्या सगळ्या माद्या, दोन जिवांची सरमिसळ अंगात घेऊन. पालवी फुटलेली असते. त्या रस शोषू लागतात आणि थोड्याच दिवसांत, नर नसतानाच, त्यांना पहिल्या लेकी होतात.