मुक्कामी गाडी

नमस्कार श्रोतेहो.

गाडी ठरवायला फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मुक्कामी, का त्याच दिवशी परत?" कुठं जायचं, माणसं किती, एसी लागणार का, हे सगळं नंतर. प्रवासी गाड्यांच्या धंद्यात मला २७ वर्षं झाली. आधी दुसऱ्याची ट्रॅक्स चालवली, मग कर्ज काढून स्वतःची घेतली, आता दोन टेम्पो ट्रॅव्हलर आहेत. भाडी निम्मी देवाधर्माची, निम्मी समुद्राची. सुरुवातीच्या काळात समुद्राच्या भाड्याला हा प्रश्न विचारावाच लागत नव्हता. मालवणला जायचं म्हटलं की दोन रात्री धरलेल्याच. आता पलीकडून हमखास ऐकू येतं, "पहाटे निघू, रात्री जेवायला घरी." हे कसं झालं, त्याबद्दल आज बोलणार आहे.

कोल्हापूरचा माणूस समुद्रावर जात नाही, कोकणात उतरतो. उतरायला वाटाही पुष्कळ आहेत. रत्नागिरी-गणपतीपुळ्याला आंबा घाट, राजापूरला अणुस्कुरा, मालवण-देवगडला गगनबावड्याहून करूळ नाहीतर भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरकडून फोंडा आणि आजऱ्यावरून सावंतवाडी-वेंगुर्ल्याला आंबोली. याच वाटांनी एकेकाळी बैलगाड्यांतून आपला गूळ खाली जायचा आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. आज रोज रात्री भाजीपाला आणि दूध खाली जातं. वर येताना आजारी माणसं येतात, कारण तळकोकणातल्या कितीतरी घरांना मोठं दुखणं म्हणजे कोल्हापूर. आणि आम्ही पर्यटक वाहतो. ते जाताना चटणी-भाकरी बांधून नेतात, पहिल्या दिवशी सुरमई खातात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बाजूला घेऊन विचारतात, "मालक, इथं मटण कुठं मिळंल?"

तर मालवण, तारकर्ली, देवबाग. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर माडाच्या बागेत, खळ्याच्या म्हणजे अंगणाच्या कडेला, न्याहारी-निवासाच्या खोल्या उभ्या राहिल्या. बहुतेक ठिकाणी मागच्या बाजूला घर आणि पुढच्या बाजूला दोन-चार खोल्या. या खोल्यांचा हंगाम कागदावर आठ महिन्यांचा. खरा बघितला तर दिवाळीनंतरचे आठ-दहा दिवस, नाताळ ते ३१ डिसेंबर आणि एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर. बाकी शनिवार-रविवार लागला तर लागला. मे संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी थांबते, स्कूबा थांबतं, होड्या वर ओढून झापांनी झाकल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद. होडी वाहतूक आणि पाण्यातले खेळ सप्टेंबर लागल्यावरच पुन्हा सुरू होतात. गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात तेव्हा महामार्ग तुंबतो, पण ते आपापल्या घरी उतरतात. त्या गर्दीनं खोल्या भरत नाहीत.

आता रस्त्याचं बघा. डांबर असो की काँक्रीट, पावसात काम होत नाही. घाटात तर नाहीच. म्हणजे दिवाळीला काम सुरू करायचं आणि मे संपायच्या आत आटपायचं. रस्त्याचा हंगाम आणि समुद्राचा हंगाम एकच झाला. घाट बांधायचा तर गिऱ्हाईक तोडायचं, गिऱ्हाईक ठेवायचं तर घाट फुटका ठेवायचा. करूळ घाटानं हे सगळ्यांना शिकवलं. २०२४ च्या जानेवारीत तो काँक्रिटीकरणासाठी बंद झाला आणि उघडायला २०२५ चा फेब्रुवारी उजाडला, तोसुद्धा आधी एकेरी वाहतुकीला. मधे एक मे गेला, एक दिवाळी गेली, एक नाताळ गेला. हलक्या गाड्या भुईबावड्यानं, जड गाड्या फोंडा-अणुस्कुऱ्यानं. भुईबावड्याचा रस्ता ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको, समोरून गाडी आली की दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं, मागं कोण जाणार म्हणून. गगनबावड्यातल्या चहावाल्यापासून वैभववाडीतल्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांचं ते वर्ष रिकामं गेलं.

करायचं म्हटलं तर एका उन्हाळ्यात काय होतं, तेही आपण पाहिलंय. महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये, पुढच्या पावसाच्या तोंडावर, वाहतुकीला खुला झाला. घाट आणि पूल यांत फरक आहे हे मला कळतं. पूल एका जागी असतो, घाटाला डोंगर धरून ठेवावा लागतो. पण घाईची गरज कुणाला वाटते, यावरही पुष्कळ अवलंबून असतं, असं माझं आपलं मत.

घाटाच्या तब्येतीबद्दल एक गोष्ट मला एका मैलकुलीनं शिकवली. आता तो शब्दही कानावर येत नाही. रस्त्याचा आपल्या वाट्याचा तुकडा सांभाळणारा हा बांधकाम खात्याचा मजूर. खोरं-पाटी घेऊन डोंगराकडचं गटार मोकळं करायचा, मोरीच्या तोंडातला पाला काढायचा. गगनबावड्याच्या वाटेवर, साळवणच्या पुढं गाडीत पाणी घालायला थांबलो होतो, तेव्हा तो म्हणाला होता, "रस्ता गाडीनं मरत न्हाई, पाण्यानं मरतोय." बावड्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. डोंगरावरून येणारं पाणी गटारात राहिलं तर रस्ता टिकतो. गटार बुजलं की ते रस्त्यावर येतं, पलीकडच्या कडेवरून खाली उतरतं आणि संरक्षक भिंतीच्या पायाखालची माती घेऊन जातं. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, 'घाटरस्ता खचला'. रुंदीसाठी डोंगर उभा कापला तर माती आणखी सैल होते. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात रुंदीकरणानंतर दरडींनी काय दमवलं ते मुंबईला जाणाऱ्यांना विचारा. काँक्रीट शंभर नंबरी असू द्या, कडेचं गटार कोण काढणार, हा प्रश्न राहतोच.

आणि घाटाच्या अलीकडंही आपलं काही फार बरं नाही. पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की आमच्या धंद्याचे कान टवकारतात. रेडेडोह फुटला, पंचगंगेचं पाणी तिथून शिवारात पसरलं, म्हणजे रत्नागिरीची वाट गेली. मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर आलं म्हणजे बावड्याची गेली. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली होता. त्या दिवसांत समुद्रावर कोण जातंय म्हणा.

करूळ उतरून तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. पूर्वीचा १७ नंबर, आता ६६. पनवेलकडचं त्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि किती वर्षं रखडलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण सिंधुदुर्गातला पट्टा त्यामानानं लवकर झाला. पूर्वी कणकवलीच्या बाजारात गाडी अडकली की बायका उतरून सोलं, फणसपोळी, खाजं घेऊन यायच्या आणि गाडी तिथंच असायची. आता उड्डाणपुलावरून कौलं बघत दोन मिनिटांत पार. कोल्हापूरहून कणकवलीला पोचायला पूर्वी जो वेळ लागायचा त्यात आता मालवण जवळ येतं. कसालला वळलं की मात्र रस्ता लहान होतो, आणि मालवणच्या बाजारपेठेत शिरला की तो पूर्वी होता तेवढाच आहे. दुतर्फा दुकानं, मधून रिक्षा, समोरून एसटी. नाताळात चौपदरी महामार्गानं सकाळपासून ओतलेल्या गाड्या अकराच्या सुमाराला या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात. महामार्गावर वाचलेला तास इथं बसून खर्च करायचा. गाड्या लावायला जागा नाही. सुटला एखादा मोकळा चौक तर तिथं आधीच सांगली पासिंगची गाडी.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडं येतो. आमच्यात दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरून भाडं लावतात. मालवण जाऊन-येऊन सव्वातीनशेच्या आसपास होतं. म्हणजे गिऱ्हाईकाच्या हिशोबानं एका दिवसाचं भाडं पुरेपूर वसूल, वर रात्रीचा भत्ता नाही, खोल्यांचं भाडं नाही. चांगला रस्ता झाला की खालच्या लोकांचं भलं होईल असं आम्ही सगळेच म्हणत होतो. गाड्या वाढल्या हे खरं. पण रस्ता जितका चांगला होतोय तितका मुक्काम उठतोय. दिवसाचा पाहुणा काय ठेवून जातो? एका वेळची थाळी, होडीचं तिकीट, झालंच तर स्कूबा. आणि पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, आंघोळीचं पाणी. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे जमिनीची पट्टी. तिथल्या विहिरीतून गोडं पाणी जास्त उपसलं की खारं आत येतं. सतरा माणसांनी समुद्रातून येऊन अंग धुतलं की एक टाकी जाते. खोली घेतली असती तर त्या टाकीचे पैसे तरी मिळाले असते.

आणि ड्रायव्हरचं काय? पहाटे चारला निघालेला माणूस दिवसभर समुद्राच्या उन्हात गाडीतच पडून असतो, त्याला झोप कसली येणार. संध्याकाळी सूर्यास्त बघून पार्टी सुटते आणि रात्री दहाला तो धुक्यात घाट चढत असतो. मागं सगळे झोपलेले. मीही हेच करायचो. एकदा घाट चढून आल्यावर, साळवणच्या अलीकडं, सरळ रस्त्यावर माझी पापणी मिटली. डावीकडचं चाक खडीवर उतरलं त्या आवाजानं जागा झालो. मागं कुणाला काही कळलं नाही, अजून मी सांगितलेलं नाही, आज रेडिओवर सांगतोय. तेव्हापासून त्याच दिवशी परत यायचं असेल तर मी दोन ड्रायव्हरचा भाव सांगतो. पाचातली तीन गिऱ्हाइकं तिथंच फोन ठेवतात आणि दुसरीकडं जातात.

पुढं आणखी रस्ते येणार आहेत. बॅरिस्टर अंतुल्यांनी मुख्यमंत्री असताना स्वप्न पाहिलेला रेवस-रेडी सागरी महामार्ग खाड्यांवरच्या मोठ्या पुलांसह पुन्हा हाती घेतलाय. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग आखला, आधी तो ८०२ किलोमीटरचा होता, त्याविरुद्ध आपल्याच जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले, कारण आखलेला रस्ता उसाच्या, बागायती जमिनीतून जात होता. सिंधुदुर्गातल्या चिपीचं विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं. आणि कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे? २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आली, रूळ अजून पडायचेत. मला विचाराल तर या सगळ्यांत ती गाडी आधी धावावी, माझी भाडी गेली तरी चालतील. कोकण रेल्वे १९९८ पासून खालून धावते, घाटाच्या वरच्या माणसाला मात्र ती गाठायला आजही घाटच उतरावा लागतो.

मालवणच्या बाजारपेठेला वळण रस्ता हवा, गावाबाहेर गाड्या लावायची सोय हवी, तिथून आत न्यायला रिक्षा किंवा लहान बस हवी. महामार्गाच्या खर्चापुढं हे चणे-फुटाणे आहेत. पण महामार्गाचा नारळ फोडायला माणसं येतात, गाडीतळाचा नारळ कुणी फोडत नाही.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. कोल्हापूरची एक पार्टी घेऊन तारकर्लीला गेलो होतो. दोन ड्रायव्हर, त्याच दिवशी परत. ज्या घरी मी गेली पंधरा वर्षं पाहुणे उतरवतो तिथंच जेवणाला नेलं. पुढच्या चारही खोल्यांची दारं उघडी होती, फरशी नुकती पुसलेली. घरची बाई हातात धुतलेल्या चादरी घेऊन खळ्यात आली. गाडीतून उतरणारी माणसं मोजली आणि मला विचारलं, "ऱ्हवतलास मां?"

मी मान हलवली.

तिनं चादरी परत आत नेल्या आणि बाहेर येऊन विचारलं, "ताटां किती लावू?"

नमस्कार.