टेप, टेप आणि टेप

आज बोलायचं आहे ते घरी जुळवलेल्या आरओच्या, म्हणजे दाब देऊन बारीक पडद्यातून रसातलं पाणी वेगळं काढणाऱ्या यंत्राच्या, गळतीवर. मागच्या रांगेतल्या काकू विचारताहेत, मेपलच्या झाडाच्या रसाला आरओ कशाला? काकू, उसाच्या रसात पंधरा-वीस टक्के साखर, मेपलच्या रसात जेमतेम 2. सुमारे 43 लिटर आटवले तर 1 लिटर सिरप मिळतं. तोच रस आरओतून 8 टक्क्यांवर आणला की 11 लिटर पुरतात. सरपण वाचतं, स्वयंपाकघरात आटवत असाल तर भिंतीचा रंगही वाचतो. आरओचा पहिला कामाचा पडदा 1960च्या सुमारास लोएब यांच्यासोबत घडवणारे श्रीनिवास सौरीराजन पुढे इथे कॅनडात, आपल्याच ओटावात, राष्ट्रीय संशोधन परिषदेत होते. त्यांच्यावर एक कार्यक्रम करा म्हणून मी आपल्या मराठी मंडळाच्या मागे लागलोय. दर वेळी लावणी जिंकते.

तर, टेफ्लॉन टेप. आपला तिच्यावर फार जीव! गावाकडे प्लंबर धागा गुंडाळून सफेदा फासायचा, तो संस्कार सुटत नाही. गळतंय? गुंडाळ टेप. अजून गळतंय? अजून गुंडाळ. अहो, टेप असते निमुळत्या आट्यांसाठी. नुसती नळी ढकलून बसवायच्या पुशफिट जोडात ती आतल्या रबरी रिंगमध्ये घट्ट बसते. नळीवर टेप चढवली तर ती नीट बसणारच नाही. कात्रीने कापलेली नळी तिरकी आणि चपटी होते. धारदार ब्लेडने सरळ कापा, टोकाला ओरखडा असेल तर तेवढा तुकडा उडवा. आत ढकलताना पहिल्यांदा अडतं तो शेवट नव्हे, आणखी जोर लावा, मग ओढून बघा. आट्यांवरही दोन-तीन वेढे पुरे, आणि प्लास्टिकला पान्याची ताकद दाखवू नका. एकाच्या घरी सासऱ्यांनी हाउसिंग, म्हणजे पडद्याभोवतीचं प्लास्टिकचं नळकांडं, आवळलं, जावयाने आणखी आवळलं. गेली चीर! चिरेवर दोघांनी मिळून काय लावलं? बरोबर.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मुख्य मुद्दा राहिलाच, भराभर सांगतो. ठिबकणारी गळती सोपी, खाली बादली ठेवता येते. न ठिबकणाऱ्या दोन. पंपाच्या अलीकडच्या नळीत पंप ओढत असतो, म्हणून रस बाहेर पडण्याऐवजी हवा आत शिरते: बुडबुडे, खडखडाट, आणि दाब चढतच नाही. दुसरी पडद्याच्या मधल्या नळीवरच्या ओ-रिंगची, म्हणजे गोल रबरी कड्याची. ती पिळवटली की साखर वेगळ्या काढलेल्या पाण्यात उतरते आणि आपण ती मोरीत ओततो. ते पाणी अधूनमधून चाखा. जिभेवर भरवसा नसेल तर साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने शून्याच्या आसपास दाखवलं पाहिजे. रिंगांना खाण्याच्या कामी चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, काही रबरं त्याने फुगतात.

रात्री गोठतं म्हणूनच दिवसा रस वाहतो, आणि त्याच रात्री शेडमधलं भरलेलं हाउसिंग फुटतं. काम झालं की सगळं रिकामं करा, पडदा ओलाच फ्रीजमध्ये ठेवा. रस घालण्याआधी साध्या पाण्यावर चालवून बघा, आणि दाब उतरवल्याशिवाय कुठलाही जोड उघडू नका. बाकी चहावर बोलू.