कुलूपबंद घराचा अहवाल

[दृश्य: जत तालुक्यातलं गाव. रिकामी गल्ली, ओळीने बंद दारं.]

दसरा झाला की सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली कितीतरी घरं ऊसतोडीसाठी बंद होतात. मुकादमाने आगाऊ दिलेली उचल कधीच खर्च झालेली असते. ट्रॅक्टर दारात येतो. कोयते, भांडी, पत्र्याची पेटी, लहान पोरं, सगळं ट्रॉलीत चढतं. मग उन्हाळा लागेपर्यंत दाराला कुलूप. ज्या घरातलं पोरगं कोर्टाच्या तारखेला उभं आहे, त्या घराच्या कुलपाला फार मोठा अर्थ येतो. आमचा विषय तोच आहे: प्रोबेशन, आणि त्यासाठी त्या घराबद्दल लिहिला जाणारा अहवाल.

कायदा १९५८ चा. गुन्हेगार परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, अधिनियम. गुन्हा शाबीत झाला तरी प्रत्येकाला तुरुंगात पाठवायलाच हवं असं नाही, हे या कायद्याने मान्य केलं. समज देऊन सोडता येतं. चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडता येतं. आणि वय एकवीसच्या आत असेल तर, जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कैदेची शिक्षा देण्याआधी न्यायालयाला प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. तरीही कैदच दिली, तर कारणं लिहावी लागतात.

[दृश्य: विहीर. मोटारीच्या पेटीतून लोंबणारी तुटकी केबल.]

धरून चालू, मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. पहिलाच गुन्हा. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली, माळावर नेऊन वरचं रबर जाळलं आणि आतलं तांबं भंगारवाल्याला विकलं. तांब्याचे पैसे किरकोळ. पण ज्याची केबल गेली तो शेतकरी रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला गेला, तेव्हा त्याला कळलं. छाटणी झालेली बाग, पाण्याची पाळी चुकली. त्याचा संताप खरा आहे, आणि प्रोबेशनची बाजू मांडणाऱ्यांनी तो आधी ऐकून घ्यायला हवा. बाँडवर सोडताना नुकसानभरपाई द्यायला लावण्याची सोय याच कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. मुलाला सोडलं, पण केबलचे पैसे कोणी दिले नाहीत, असं झालं तर गावाच्या लेखी प्रोबेशन म्हणजे ‘सुटला’ एवढंच उरतं.

आता प्रोबेशन अधिकारी अहवालासाठी गृहभेटीला येतात. एसटीने तालुका, तिथून वडाप, पुढे पायी. दार बंद. शेजारी विचारलं तर उत्तर मिळतं, “कारखान्याला गेल्यात सगळी.”

[दृश्य: कुलपावर कॅमेरा स्थिर.]

इथे दोन वाटा फुटतात. एका वाटेवर अहवालात एक ओळ येते: कुटुंब दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाही. खाली शेजाऱ्याचा जबाब. तो शेजारी कोण? बहुतेक भावकीतला. बांधावरून वाद असेल, तर तो मुलाबद्दल काय सांगणार, हे सांगायला नको. पोलीस पाटील, सरपंच, दुकानदार, प्रत्येकाच्या बोलण्यामागे गावाचं राजकारण असतं. घर पारधी वस्तीवरचं असेल तर आणखीच अवघड. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कपाळावर मारलेला शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, गावाच्या तोंडातून तो अजून गेलेला नाही. ‘परिसर गुन्हेगारी स्वरूपाचा’ असं वाक्य अहवालात सहज उतरतं, आणि मग न्यायाधीशांपुढे त्या मुलाच्या आधी ते वाक्य उभं राहतं.

दुसरी वाट लांबची आहे. मुकादमाचा नंबर मिळवायचा. टोळी पलूसला आहे, वाळव्याला आहे, की सीमेपलीकडे कर्नाटकात, ते शोधायचं. उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे तोडणाऱ्यांची झोपडी, असते, तिथे जायचं, तेही तोड संपल्यावर, बाई चुलीशी बसलेली असताना. त्या आईला विचारायचं की पोरगं शाळेतून कधी सुटलं, उचल किती आहे, केबल कापली त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं. यातून जो अहवाल होतो, त्यात तो मुलगा दिसतो.

आणि कायदा या लांबच्या वाटेच्या आड येत नाही, हे आम्हाला ठासून सांगायचं आहे. बाँडवर सोडायला आरोपीचा किंवा जामीनदाराचा ठरलेला पत्ता किंवा नियमित कामधंदा लागतो, ही चौथ्या कलमातली अट सगळ्यांना पाठ असते. पण त्याच वाक्यात पुढे आहे की बाँडच्या काळात तो जिथे राहण्याची शक्यता आहे, ती जागाही चालते. म्हणजे हंगामात कोपी, एरवी गाव. मामा, आजी, जमीन कसणारा चुलता, कोणाचाही पक्का पत्ता जामीनदार म्हणून पुढे आणता येतो. ऊसतोड हा नियमित कामधंदा आहे, हे अहवालात लिहायला पाहिजे. ते लिहिण्याइतका वेळ अधिकाऱ्याला मिळतो का, हा खरा अडसर आहे. अठराच्या आतल्या मुलांसाठी बालन्याय मंडळापुढे सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. तिथे तर धावपळ आणखी मोठी.

[दृश्य: आटपाडी तालुका. स्वतंत्रपूरची शेतं.]

याच जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात, स्वतंत्रपूर आहे. १९३९ च्या सुमाराचा औंध संस्थानातला प्रयोग. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंता, या तिघांच्या विचारातून उभा राहिलेला. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीशिवाय ठेवायचं, जमीन कसायला द्यायची, आणि बायकापोरांसह राहू द्यायचं. आजही ती मुक्त वसाहत आहे. प्रोबेशन शिक्षेच्या सुरुवातीला येतं, स्वतंत्रपूर शिक्षा भोगताना. पण माणसाला घरच्यांपासून तोडलं नाही तर तो सावरतो, हा भरवसा दोन्हीकडे एकच. दुष्काळी माळावर हे ऐंशी वर्षांपूर्वी करून पाहिलेलं आहे, याचा सांगलीकरांना अभिमान वाटायला हवा.

[दृश्य: कार्यालय. कपाटात बांधलेल्या फायली.]

बाँड झाला. देखरेखीचा आदेश असेल तर ती किमान एक वर्ष चालते. लागेल तिथे काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं, हेही कायद्याने अधिकाऱ्याचंच कर्तव्य. प्रत्यक्षात भेट म्हणजे बऱ्याचदा हजेरी आणि सही. तीन वर्षांनी फाइल बंद होते. मुलगा पुढे कुठे गेला? बाराव्या कलमाप्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता त्याला लागू नाही, पण कुपवाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराने विचारल्यावर तो काय सांगतो?

हे शोधायचं काम समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं आहे. साताऱ्याजवळ जकातवाडीला समाजकार्याचं महाविद्यालय आहे. सातारा-सांगलीतली मुलं क्षेत्रकार्यासाठी गावोगाव जातात. मात्र प्रश्नावली कार्यालयात भरून घेतली, शेजारच्या खुर्चीत साहेब बसलेले असले, तर उत्तर एकच येणार: “व्हय, फायदा झाला.” अशा टक्केवारीवर आमचा विश्वास नाही. मुलाला त्याच्या सोयीच्या जागी, त्याची संमती घेऊन भेटावं. गावात चौकशी करत फिरलं की झाकलेली गोष्ट उघडी पडते, म्हणून घराचा पत्ता चावडीवर विचारू नये. आणि पुन्हा गुन्हा केला की नाही, एवढ्यावरच थांबू नये. उचल फिटली का, लग्न ठरताना काय झालं, ज्याची केबल गेली तो आता बोलतो का, हेही विचारावं.

[दृश्य: ग्रामपंचायत, शाळेचं आवार.]

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी केली असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची, म्हणजे समाजासाठी बिनमोबदला कामाची. आपला केबलवाला मुलगा यात बसू शकतो. पण काम कुठलं, देखरेख कोणाची, हे कलमात लिहिलेलं नाही. धाकटी बहीण जिथे शिकते त्या शाळेचं आवार झाडायला लावलं, तर भोगते ती बहीण. ऊसतोडीच्या हंगामात काम नेमलं, तर उचल अंगावर राहते आणि मुकादम घरी येतो. हे न्यायाधीशांना खुर्चीवरून दिसणार नाही, कोपीवर जाऊन आलेल्या माणसाला ठाऊक असतं. म्हणून सामुदायिक सेवेचा आदेश निघण्याआधीही प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवला जावा, आणि कोपीपर्यंत जाण्याचं भाडं व दिवस त्याला मंजूर असावेत, ही आमची मागणी आहे.