पीलरवरची चिंधी

नमस्कार मंडळी.

बोलायला लागण्याआधी दोन वस्तू टेबलावर ठेवतो. ही विळी, आणि हा साल काढायचा पीलर. पीलर अगदी साधा, पत्र्याचा, आठवडी बाजारात भांडीवाल्याकडे मिळतो तसा. त्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळलेली आहे; मागच्या रांगेतून दिसत नसेल म्हणून सांगतो. ही माझ्या आईच्या नऊवारीच्या काठाची पट्टी आहे. तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली, पत्र्याचा पातळ दांडा मुठीत धरवेना, तेव्हा तिनं ही पट्टी गच्च गुंडाळली आणि गोधडीच्या दोऱ्यानं शिवून टाकली. आम्हा भावंडांना त्या चिंधीची लाज वाटायची. पाहुणे यायचे असले की मी तो पीलर मांडणीच्या मागे सारून ठेवायचो.

आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका रात्री मी मोबाइलवर चित्रं बघत पडलो होतो. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे अशी चित्रं माझ्याकडे येत राहतात. घडीच्या खुर्च्या, कागदाची शिल्पं, कलिंगडावर कोरलेली नक्षी. त्यात एक पीलर आला. काळा, रबरासारखा जाडजूड दांडा, आणि बोटं टेकतात त्या जागी बारीक लवचीक पाकळ्या. मी उठून बसलो. दांडा जाड करायचा, मऊ करायचा, ओल्या हातातून निसटू द्यायचा नाही. आईनं काठाच्या पट्टीनं केलं होतं तेच!

तो ऑक्सो कंपनीचा पीलर. ‘गुड ग्रिप्स’ या नावानं १९९० साली अमेरिकेच्या बाजारात आला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही तो आहे. चित्राखाली दोन ओळींची गोष्ट होती. सॅम फार्बर हे स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या धंद्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात. सफरचंदं सोलताना त्यांचा हात दुखतो हे पाहून नवऱ्यानं बायकोसाठी नवा पीलर करवून घेतला. गोष्ट गोड आहे, मलाही आवडली. पण सवयीनं आणखी शोधत गेलो, तेव्हा कळलं की बेट्सी स्वतः आर्किटेक्ट होत्या. हाताला सुखाची अवजारं करायची, ही मूळ कल्पना आपली होती, असं त्यांनी नंतर स्पष्ट सांगितलं आहे. आणि हेही, की लोकांच्या लक्षात मात्र आपण राहणार ते संधिवात झालेली बायको म्हणून.

मला मांडणीमागे सारलेला आमचा पीलर आठवला. आमच्या घरातही कल्पना आईची होती आणि आम्हाला दिसला होता फक्त तिचा आजार.

आज तुमच्याशी बोलायचंय ते यावरच. मोबाइलवर एखादी सुंदर, कल्पक वस्तू आपल्यापर्यंत येते तेव्हा दोन गोष्टी वाटेत गळून पडलेल्या असतात. एक म्हणजे ती करणाऱ्याचं नाव, आणि दुसरी, ती ज्या अडचणीतून निघाली ती अडचण. उरतं ते नुसतं चित्र, आणि ते आपण बोटानं वर सरकवतो. माझ्या रविवारच्या वर्गातली मुलं मला रोज अशी चित्रं पाठवतात. मी त्यांना उलट विचारतो, कुणी केलंय? कशासाठी केलंय? शोधून सांग. मुलं आधी कुरकुरतात आणि मग दोन दिवसांनी मलाच माहीत नसलेलं सांगतात.

एका मुलीनं किक्कोमान सोया सॉसची बाटली पाठवली होती. लाल टोपणाची, खाली रुंद, गळ्याशी निमुळती काचेची बाटली. चायनीजच्या गाडीवरच्या सॉसच्या बाटल्या तुम्ही पाहिल्या आहेत. ही जपानमधल्या जेवणाच्या टेबलावरची. ती घडवली केंजी एकुआन यांनी, १९६१ साली. त्यांच्या लहानपणी सोया सॉस मोठ्या जड बाटलीत यायचा आणि आईला ती बाटली उचलून छोट्या भांड्यात सॉस ओतावा लागायचा. ती ओढाताण मुलाच्या डोळ्यांत राहिली. या छोट्या बाटलीसाठी तीन वर्षं आणि शंभराहून जास्त नमुने लागले. आता अडचण काय होती ते बघा, कारण ती तुमच्याआमच्या घरात रोज असते. तेलाच्या बरणीखाली वर्तमानपत्राचा तुकडा कुणाच्या घरी नाही? ओतणं थांबवलं की शेवटचा थेंब तोंडाच्या कडेवरून बाहेर ओघळतो, बरणीच्या अंगावरून खाली येतो आणि तळाशी चिकट कडं उमटतं. एकुआननी टोपणाच्या तोंडाचा काप आतल्या बाजूला तिरका घेतला. बाटली सरळ केली की थेंब खाली न ओघळता मागे फिरतो. बस्स, एवढंच. त्या एवढ्यासाठी तीन वर्षं!

त्या मुलीनं आणखी शोधलं. एकुआन यांचं कुटुंब हिरोशिमात होतं. अणुबॉम्बमध्ये त्यांची धाकटी बहीण गेली, वर्षभरात वडील गेले. वडील बौद्ध पुरोहित होते, म्हणून मुलगाही त्या वाटेनं जाऊन आला. पण त्या जळून गेलेल्या शहरात उभं असताना, जिथं काहीच उरलेलं नाही तिथं हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल अशी वस्तू हवी, असं त्यांना तीव्रतेनं वाटलं होतं, आणि वस्तू घडवायच्या हा निश्चय तिथला. यामाहाच्या मोटारसायकली, जपानची एक वेगवान आगगाडी, ही कामं त्यांच्या संस्थेनं पुढे केली. मुलीनं हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा एरवी चुळबुळणारी पोरं गप्प बसली होती. ती बाटली आता त्यांना नुसती ‘भारी’ वाटत नाही.

अडचण समजून घ्यायची आणखी एक वाट अथेन्सच्या आर्किटेक्ट कातेरिना काम्प्रानी यांनी दाखवली आहे. त्या मुद्दाम गैरसोयीच्या वस्तू करतात. झाडांना पाणी घालायची झारी, पण तिची नळी वळून परत झारीतच पाणी सोडते. जेवायचा काटा, पण त्याच्या मधल्या भागाला साखळी. मुलं आधी खूप हसतात. हसून झाल्यावर मी त्यांना फळ्यावर त्या काट्यानं खाण्याचं चित्र काढायला लावतो. साखळीमुळे काटा लोंबतो, जोर देता येत नाही, घास उचलत नाही. मग त्यांच्या ध्यानात येतं की रोजच्या काट्याचा दांडा ताठ असतो हाही कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. चांगली रचना डोळ्यांना दिसत नाही, कारण ती कुठं अडत नाही. काम्प्रानी ती मोडून दाखवतात, म्हणून मला त्या फार मोठ्या शिक्षिका वाटतात.

आता तुम्ही म्हणाल, नाव सापडतच नसेल तर? तर लोट्याकडे या. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून आपल्याकडे आलं, देशभर फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था त्यातूनच १९६१ साली उभी राहिली. हा अहवाल आज इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो, आणि जरूर वाचा. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत थोर वाटला तो लोटा. मग ते प्रश्न विचारत सुटतात. किती पाणी मावावं? डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरणार? भरलेला असताना तोल कुठं, रिकामा असताना कुठं? दगडावर टेकवला की आवाज कसा येतो? उन्हात कसा चमकतो? तो दुसऱ्याला देताना कसं वाटतं? आणि ते म्हणतात, लोटा कुण्या एका माणसानं केलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी माणसांनी तो घडवत आणला. नाव सापडलं नाही, तर निदान एवढे प्रश्न तरी आपण त्या वस्तूला विचारू शकतो.

म्हणून ही विळी आणली. मालवणी माणसं हिच्या भावंडाला आडाळो म्हणतात. सुरीत पातं हलतं आणि भाजी थांबते. विळीत पातं उभं, स्थिर, आणि भाजी हलते. पाटावर पाय रोवला की आख्ख्या अंगाचं वजन तिला धरून ठेवतं आणि दोन्ही हात मोकळे. फणसासारखं अवघड फळ दोन्ही हातांनी धरून पात्यावर रेटता येतं. मेथीची जुडी मुठीत आवळून सर्र चिरता येते. वरच्या टोकाला ही खवणी, नारळासाठी. हात फक्त वाटी फिरवतो, खोबरं खालच्या ताटात पडतं. काम झालं की पातं आडवं पाडायचं, म्हणजे लहान मुलाला लागू नये. ईम्स जोडप्याचे प्रश्न हिला लावून बघा, एकेकाचं उत्तर ती देते. एक मात्र खरं, ही जमिनीवर बसून काम करणाऱ्या बाईची वस्तू आहे. गुडघे गेले की हिचा उपयोग संपतो. माझ्या आईसाठीही तो तसाच संपला होता, म्हणूनच तर तो पीलर घरात आला.

चित्रकलेबद्दलही सांगायला हवं. जपानचे तात्सुया तानाका २०११ पासून रोज एक छायाचित्र प्रसिद्ध करतात. त्यात ब्रोकोलीचं झाड होतं आणि त्याखाली बोटाच्या पेराएवढी माणसं बसलेली असतात. आपल्याकडे भातुकली खेळलेल्या प्रत्येकाला हे लगेच कळतं. चुरमुऱ्यांचा भात करणारं पोर तेच करत असतं. मला त्यांच्या कल्पनेपेक्षा ‘रोज’ हा शब्द मोठा वाटतो. आजारपण, प्रवास, कंटाळा, सगळं धरून रोज.

आणि दिल्लीचे हनीफ कुरेशी. २०२४ साली ते गेले, फार लवकर गेले. रस्त्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं त्यांनी संगणकावर उतरवली, त्यांचे फॉन्ट केले, आणि फॉन्टना त्या पेंटरांचीच नावं दिली, जसं ‘पेंटर कफील’. आपल्या गावातही दुकानाच्या पाटीच्या कोपऱ्यात, ट्रकच्या फाळक्यावर, पेंटर आपलं नाव बारीक अक्षरांत घालायचे. फ्लेक्स आले आणि तो कोपरा गेला. कुरेशींनी तो कोपरा परत दिला, आणि हे काम मला या सगळ्यांत सर्वांत जवळचं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलानं या पीलरचा फोटो काढला. खिडकीच्या उजेडात, काठाची वीण दिसेल असा. कापडाचा रंग उडालाय, पण जिथं आईचा अंगठा टेकायचा तिथं खळगा पडलेला आहे, तो त्यानं नेमका टिपला. फोटो इंटरनेटवर टाकताना त्यानं विचारलं, सर, खाली काय लिहू? मी आईचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, आणि पुढे फक्त ‘पेरं दुखायची म्हणून’ एवढंच लिहायला सांगितलं.

दोन्ही वस्तू इथंच ठेवतो. पुढे या, हातात घेऊन बघा. पीलरच्या खळग्यात आपला अंगठा ठेवून बघा. विळी मात्र जपून उचला, पातं कालच धार लावून आणलंय.