वर्तुळाबाहेरचं पुणे

(दृश्य: स्वारगेट, सकाळची गर्दी. मग लॅपटॉपचा पडदा.)

सकाळी स्वारगेटला उभं राहिलं, तर पुण्यात बसची वानवा आहे हे कुणाला पटायचं नाही. म्हणून नकाशा उघडायचा, आणि चालत जाण्याजोगा थांबा शहराच्या कुठल्या भागाला नाही ते शोधायचं.

हे क्यूजीआयएस, नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. राखाडी दिसतेय ती महापालिकेची हद्द. २०१७ मध्ये ११ गावं आत आली, २०२१ मध्ये आणखी २३: सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी, वाघोली... पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेरही पडली. हद्दीची जुनी फाइल घेतली तर सगळंच मुसळ केरात!

निळे ठिपके म्हणजे बसथांबे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून उतरवलेले, काही जागेवर जाऊन ताडलेले.

(दृश्य: ठिपक्यांभोवती वर्तुळं उमटतात.)

प्रत्येक थांब्याभोवती ५०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचा घेरा. सहा-सात मिनिटांची चाल. माणूस धडधाकट असेल, हात रिकामे असतील आणि फुटपाथवर गाड्या लावलेल्या नसतील, तर.

इथेच पहिली मेख आहे. उतरवलेली फाइल अक्षांश-रेखांशात असते, तिचं माप अंशात. तिथे ५०० टाकलं की सॉफ्टवेअर ५०० अंश समजतं, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. तेव्हा आधी फाइल मीटरमध्ये आणायची. यूटीएम ही पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत; पुणे तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं, कोड ३२६४३.

(दृश्य: वर्तुळाची कड, अगदी जवळून.)

आता ही कड बघा. हे वर्तुळ नाहीच! मूळ सेटिंगमध्ये पाव वर्तुळाला पाच रेषा, म्हणजे सगळा मिळून वीस कोनांचा आकार. क्षेत्रफळ खऱ्या वर्तुळापेक्षा दीड टक्क्याहून जास्त कमी भरतं. सेगमेंट्सच्या रकान्यात पाचाचे पंचवीस केले की कड गुळगुळीत होते.

जाण्याचा थांबा रस्त्याच्या अलीकडे, येण्याचा पलीकडे. त्यामुळे वर्तुळं एकमेकांवर चढलेली. तशीच बेरीज केली तर तीच जमीन दोनदा मोजली जाते. डिझॉल्व्ह चालवलं की आतल्या रेषा पुसल्या जातात, एकच हिरवा पसारा उरतो.

आणि मग डिफरन्स. वजाबाकीच ती. इनपुटला, म्हणजे ज्यातून वजा करायचं तिथे, हद्द; ओव्हरलेला, म्हणजे जे वजा करायचं तिथे, हिरवा लेयर, म्हणजे नकाशाचा हिरवा थर. क्रम उलटा झाला तर हद्दीबाहेर सांडलेल्या चंद्रकोरी हाती येतात, भलत्याच. जॉमेट्री इनव्हॅलिड, म्हणजे आकाराच्या रेषांत चूक, म्हणून गाडी अडली, तर फिक्स जॉमेट्रीज चालवून पुन्हा.

(दृश्य: हिरवं जातं, लाल उरतं.)

हे लाल म्हणजे न झाकलेलं पुणे. अजून ते सगळं मिळून एकच आकार आहे. मल्टिपार्ट टू सिंगलपार्ट्सने तुकडे सुटे केले की प्रत्येकाचं क्षेत्रफळ निघतं. वर्तुळांच्या फटीतल्या चिंधोट्या, एक हेक्टरच्या आतल्या, काढून टाकल्या. मग त्याच वजाबाकीने वेताळ टेकडी, पर्वती-तळजाई, नदीपात्र आणि लष्करी जागा गेल्या. टेकडीवर बसथांबा कुणी मागत नाही. मागूही नये.

(दृश्य: ड्रोन. बाह्यवळण महामार्ग, कडेला वस्ती.)

ही वस्ती नकाशावर हिरव्यात आहे. म्हणजे बस मिळते म्हणायची. थांबा महामार्गापलीकडे. बफर पक्ष्याच्या वाटेने मोजतो. माणसाला भुयारी मार्गापर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो. त्यासाठी सर्व्हिस एरिया हे दुसरं टूल आहे. ते रस्त्यांच्या लेयरवर थांब्यापासून ५०० मीटर चालत जातं आणि पोचलेले रस्ते रेषांत काढून देतं. त्या रेषांना लहानसा बफर दिला की हिरवं आक्रसतं. ही वस्ती लाल होते.

चढण मात्र यातही मोजलेली नाही.

(दृश्य: चढणीची गल्ली, डब्याच्या पिशव्या घेतलेल्या बायका. इथे निवेदन नाही.)

अशा ठिकाणी शेअर रिक्षा, नाहीतर कर्जावरची दुचाकी, नाहीतर कॉलेजला रामराम.

लाल तुकड्यांत माणसं किती? जनगणनेचे आकडे २०११ चे, तेव्हा नंतर आत आलेली गावं शहरात नव्हती. म्हणून उपग्रहाच्या चित्रावरून छपरं मोजतोय. जास्त छपरं असलेला तुकडा यादीत वर, क्षेत्रफळाने कितीही लहान असो.

(दृश्य: थांब्यावरचा वेळापत्रकाचा फलक.)

आणि एवढं करूनही नकाशा झुकतं मापच देतोय. दिवसाला दोन फेऱ्या असलेल्या थांब्यालाही त्यात पूर्ण ५०० मीटर मिळाले आहेत. पुढच्या नकाशात फेऱ्या बघून थांबे गाळायचे आहेत. लाल वाढणार, हे नक्की.