आकड्यांच्या तक्त्यात न दिसणारे खेळाडू: नेब्रास्का, 1994

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल. आपण शाळेच्या मैदानावर खेळतो तो फुटबॉल नव्हे; लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा, दोन्हीकडे अकरा-अकरा जणांचा. संघ नेब्रास्का विद्यापीठाचा, गाव लिंकन, प्रशिक्षक टॉम ऑस्बॉर्न आणि साल 1994.

त्या हंगामात नेब्रास्काने तेराच्या तेरा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्या संघाचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात. एक टॉमी फ्रेझर, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन प्रत्येक चाल चालवणारा. दुसरा लॉरेन्स फिलिप्स, ज्याने त्या वर्षी चेंडू घेऊन 1,722 यार्ड धाव घेतली. दोघंही थोर खेळाडू, त्यात वाद नाही. पण पहिल्या चार सामन्यांनंतर फ्रेझरच्या पायात रक्ताच्या गुठळ्या सापडल्या आणि तो बाहेर बसला, तो थेट शेवटच्या सामन्यात परतला. मधले आठ सामने जिंकले कोणी?

त्यांतल्या सात सामन्यांची सुरुवात ब्रुक बेरिंजरने केली. हा कॅन्ससमधल्या गुडलँड या लहान गावचा मुलगा. वायोमिंगविरुद्धच्या सामन्यात मार लागून त्याचं एक फुप्फुस आकसलं, तरी पुढच्या आठवड्यात तो पुन्हा उतरला. त्याच्या नेतृत्वाखाली नेब्रास्काने कोलोरॅडोच्या तगड्या संघाला 24-7 असं हरवलं. पुढच्या वर्षी फ्रेझर बरा होऊन आला आणि बेरिंजर परत बाकावर गेला. एप्रिल 1996 मध्ये, व्यावसायिक संघांकडून होणारी खेळाडूंची निवड दोन दिवसांवर असताना, लहान विमानाच्या अपघातात तो गेला. लिंकनच्या स्टेडियमबाहेर ऑस्बॉर्न आणि बेरिंजर यांचा एकत्र पुतळा आहे. पण माझ्या मते त्या पुतळ्यामुळे त्याचा मृत्यूच जास्त आठवला जातो. त्याचा खेळ आठवावा असा होता: पल्लेदार, नेमका पास. फ्रेझरच्या धावण्याला घाबरून पुढे सरकलेल्या बचावाला बेरिंजर आला की मागे सरावं लागे.

आता उरलेला आठवा सामना, कॅन्सस स्टेटच्या मैदानावरचा. बेरिंजरचं फुप्फुस पुन्हा त्रास देत होतं, म्हणून सुरुवात करायला मॅट टर्मन उतरला. हा वॉक-ऑन. म्हणजे शिष्यवृत्ती नाही, फी स्वतःच्या खिशातून, सराव मात्र बाकीच्यांइतकाच. निकाल 17-6, नेब्रास्काच्या बाजूने. ‘टर्मनेटर’ हे टोपणनाव लोकांच्या लक्षात राहिलं. तो त्या दिवशी तयार कसा होता, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे.

1973 साली कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या शिष्यवृत्त्यांवर 105 ची मर्यादा आली, 1978 मध्ये ती 95 झाली आणि 1994 पर्यंत 85 वर आली. बऱ्याच विद्यापीठांनी संघ आवरते घेतले. नेब्रास्काने राज्यातल्या गावोगावच्या मुलांना वॉक-ऑन म्हणून घेऊन संघ मोठाच ठेवला. नुसती गर्दी जमवून काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या फळीचा मुलगा सरावात नुसता उभा राहिला तर दोन महिन्यांत गंजतो. म्हणून ऑस्बॉर्नच्या सरावात मैदानावर एकाच वेळी चार ठिकाणी खेळ चाले, दोन ठिकाणी आक्रमणाचा, दोन ठिकाणी बचावाचा. पहिली फळी एक चाल करत असताना तिसरी फळी पलीकडे तीच चाल करत असे. काही मुलं ‘स्काउट टीम’मध्ये असत: येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकायच्या आणि आपल्याच मुख्य बचावावर वापरायच्या. आठवडाभर मार खायचा आणि सामन्याच्या दिवशी गणवेश घालून कडेला उभं राहायचं. बचाव सामन्यात बरोबर जागी उभा दिसतो, त्यात या मुलांचा वाटा मोठा असतो.

सगळ्यात दुर्लक्षित मात्र आक्रमणातली पुढची पाच माणसं, म्हणजे लाइनमन: मध्ये सेंटर, दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. ते चेंडू घेऊन धावत नाहीत, समोरच्यांना अडवून वाट काढतात, म्हणून धावांच्या तक्त्यात त्यांना रकानाच नाही. त्या वर्षीचे पाच जण म्हणजे झॅक विगर्ट, रॉब झटेच्का, जोएल विल्क्स, ब्रेंडन स्टाय आणि आरोन ग्रॅहम. या फळीला ‘पाइपलाइन’ म्हणत. विगर्टला त्या वर्षी सर्वोत्तम लाइनमनची आउटलँड ट्रॉफी मिळाली. बाकीच्यांची नावं नेब्रास्काबाहेर किती जणांना येतील, शंकाच आहे. समोरच्याला पाठीवर पाडलं की त्याला ‘पॅनकेक’ म्हणायचं, आणि नेब्रास्कात हे पॅनकेक मोजले जात. रकाना नाही म्हणून त्यांनी स्वतःचा रकाना केला!

या फळीचं काम समजून घ्यायला हंगामाच्या शेवटच्या सामन्याचा, म्हणजे ऑरेंज बाऊलचा, शेवटचा क्वार्टर (सामन्याचा चौथा भाग) पुरेसा आहे. 1 जानेवारी 1995, समोर मायामी, तेही त्यांच्याच शहरात. धावफलक 17-9, नेब्रास्का मागे. मायामीचा बचाव वेगवान होता, वॉरन सॅपसारखा खेळाडू त्यात होता, आणि हा बचाव कडेकडेच्या चालींमागे सुसाट धावत होता. ऑस्बॉर्नने तोच वेग त्यांच्यावर उलटवला. चालीचं नाव ट्रॅप.

ट्रॅपमध्ये बचावाच्या एका आतल्या लाइनमनला मुद्दाम कोणी अडवत नाही. वाट मोकळी दिसली की तो आत घुसतो. त्याला सोडून देणारा आपला लाइनमन सरळ पुढे जाऊन लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला, गाठतो. तेवढ्यात पलीकडच्या बाजूचा गार्ड जागा सोडून सेंटरच्या पाठीमागून धावत येतो आणि घुसलेल्याला कुशीत धडकून बाहेर ढकलतो. क्वार्टरबॅकच्या मागे उभा असलेला फुलबॅक चेंडू घेऊन त्या गार्डच्या पाठीला चिकटून फटीतून निघतो. चाल बिघडते ती गार्डच्या पहिल्या पावलावर. गार्डने ते मागे टाकलं की तो अर्ध्या क्षणाने उशिरा पोचतो. पाऊल दोन्ही संघांमधल्या रेषेला समांतरच हवं. फुलबॅक घाईने निघाला तर स्वतःच्याच गार्डवर आदळतो. आणि समोरचा हुशार असेल तर आत न घुसता जागेवरच बसतो, मग फट बुजते. ताज्या दमाच्या खेळाडूला हे थांबणं जमतं; दमलेला मोकळी वाट दिसली की जातोच.

फुलबॅक होता कोरी श्लेसिंगर, नेब्रास्कातल्याच डंकन गावचा. फुलबॅकचं रोजचं काम दुसऱ्यासाठी माणूस अडवणं. त्या क्वार्टरमध्ये त्याने आधी 15 यार्डांवरून आणि मग 14 यार्डांवरून टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. निकाल 24-17. पुढे निवडीच्या सहाव्या फेरीत डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं आणि तो तिथे 12 हंगाम खेळला, बहुतेक वेळ माणसं अडवण्यातच.

या सामन्याचं चित्रण मिळालं तर शेवटच्या क्वार्टरमध्ये घड्याळात 7 मिनिटं 38 सेकंद उरलेली असतानाचा टचडाउन काढा. पहिल्यांदा पाहताना नजर चेंडूवर जाईल, जाऊ द्या. दुसऱ्यांदा फक्त गार्ड बघा.